संडासापर्यंतची वलांडी

तमाम भाडेकरूंनो, घरमालकांनो आणि स्वतःच्या दोन पायांवर अजून भरवसा असलेल्या सर्व स्त्रीपुरुषांनो! आपणांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात, भाईंदर पूर्वेला, नवघरच्या वाटेवरच्या एका बैठ्या चाळीत एक लढाई झाली. तिची नोंद कुठल्याही बखरीत नाही. तिच्यात तोफा नव्हत्या, घोडेही नव्हते. बांबू होते, काथ्याची दोरी होती, रेतीच्या होडीची एक जुनी फळी होती आणि मधोमध भोक पाडलेलं एक लाकडी स्टूल होतं. लढाईचं कारण असं की माझ्या सासूबाईंना संडासला एकटीनं जायचं होतं.

हसा, हसा. मीसुद्धा हसतच सांगणार आहे. पण ज्यांना हसू आलं त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, एवढं मी नोंदवून ठेवते.

आमची चाळ म्हणजे एका ओळीत खोल्या, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे संडासांची रांग. खाडी जवळ. मोठ्या उधाणाला पाणी मिठागरांचे बांध ओलांडून थेट अंगणात यायचं, म्हणून बांधणाऱ्यानं सगळं उंचावर बांधलं होतं. खोलीला जोतं, जोत्यावर दाराला वीतभर उंच उंबरा, आणि संडासाला तर त्याहून उंच जोतं, वर उभ्या पायऱ्या. पाण्यानं वर चढू नये म्हणून केलेली ही व्यवस्था माणसालाही वर चढू देत नाही, हे धडधाकट माणसाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी विशीतली नवी सून. भरलं टमरेल घेऊन त्या पायऱ्या मी नाचत चढायचे.

मग एकदा उधाण ओसरल्यावर अंगणात राहिलेल्या बुळबुळीत चिखलावरून सासूबाई घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मुंबईच्या इस्पितळात बरेच दिवस काढून परत आल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण एक पाय आखूड झाला होता आणि गुडघ्यात वाकायला तयार नव्हता.

पडण्याआधीच्या सासूबाई तुम्हाला माहीत असायला हव्यात. रत्नागिरीकडच्या एका डोंगरातल्या गावातून त्या तरुणपणी विधवा होऊन मुंबईत आल्या, लोकांची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुलगे वाढवले आणि उतारवयात धाकट्याकडे, म्हणजे आमच्याकडे, भाईंदरला आल्या. आयुष्यभर राबल्याचा सूड त्यांनी एकाच गोष्टीनं उगवला: पत्ते. रोज दुपारी आमच्या ओट्यावर मेंढीकोटाचा डाव बसायचा आणि सासूबाई त्यात इतक्या उघडपणे लबाडी करायच्या की तिला लबाडी म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही. त्यांची भिडू म्हणजे उत्तनहून सुकी मासळी विकायला येणारी एक ख्रिस्ती मावशी. टोपली रिकामी झाली की ती आमच्याकडे टेकायची. गळ्यात क्रूस, तोंडात पान आणि हातात हुकूम. दोघी मिळून चाळीला लुटायच्या.

आणि त्या सासूबाईंना आता संडासला न्यायला दोघं लागायची. आमचे हे एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. उंबऱ्यावरून उचलायचं, जोत्यावरून उतरवायचं, पायऱ्यांवरून जवळजवळ वाहून न्यायचं. मग हे लांब जाऊन उभे राहायचे आणि मी दार उघडं ठेवून, पाठ करून, एका हातानं पदराचा आडोसा आणि दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरून उभी. येणारीजाणारी विचारायची, "झालं का आजींचं?" जिभेनं अख्खी चाळ धाकात ठेवणाऱ्या सासूबाई त्या वेळी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांनी पाणी पिणं कमी केलंय. चहा पुढे केला तर, "नको गो, पित्त होतं." पित्त कसलं! चहा प्यायला की जावं लागतं, आणि जावं लागलं की माणसं लागतात.

तेवढ्यात गावाकडून थोरले दीर आले. त्यांनी ती वरात एकदा पाहिली आणि निकाल दिला. "आई, हे काही खरं नाही. शहरात धडधाकट माणसाचं काम. शिमग्याआधी येतो, तुला गावी घेऊन जातो."

ते गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, गावी नेऊन मला माजघरात बसवतील, हातात माळ देतील, आणि आल्यागेल्याला दाखवतील, ही आमची आई, आता हिचं काय उरलंय! तिथं पत्ते खेळायला आहे कोण? गुरं?"

"मग काय करायचं, आई?"

"मी एकटी संडासला गेले पायजे. त्या दिवसापासनं मला इथनं कोण हलवतो ते बघते."

झालं. लढाई जाहीर झाली.

पहिला वार त्यांनी उंबऱ्यावर केला. त्यांचा पाय त्यावरून उचलत नव्हता, म्हणून त्या ह्यांना म्हणाल्या, "करवत आण आणि हा काप." ह्यांचा चेहरा पडला. उंबऱ्याची रोज हळद-कुंकू वाहून पूजा व्हायची. त्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी घरात आले होते. शेवटच्या खोलीतल्या काकू धावत आल्या. चाळीतल्या कुठल्याही बऱ्यावाईट गोष्टीची पहिली बातमी त्यांच्याकडे असायची. "अहो, उंबरा कापतात का कुणी? घरातली लक्ष्मी निघून जाईल!"

सासूबाईंनी त्यांना शांतपणे बसायला पाट दिला. "काकू, मी जन्मभर ह्या उंबऱ्याची पूजा केली. लक्ष्मी आलेली तुम्ही कधी बघितलीत? मी न्हाय बघितली. बिचारी अडखळून बाहेरच पडत असणार. आता येईल सरळ." आणि ह्यांच्याकडे वळून, "काप रे!"

ह्यांनी डोळे मिटून करवत चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सपाट जमिनीवर, जिथं उंबरा होता तिथंच, हळद-कुंकू वाहिलं. देवालाही सवय व्हायला हवी, म्हणाल्या.

मग फळी. भाईंदरच्या खाडीतून रेती काढणाऱ्या होड्या धक्क्याला लागायच्या, आणि होडीतून काठावर एक लांब फळी टाकून माणसं डोक्यावर पाट्या घेऊन तिच्यावरून धावत यायची. पाय घसरू नये म्हणून त्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत. तशीच एक टाकून दिलेली फळी हे कारखान्यातून येताना खांद्यावर घेऊन आले. एक तुकडा कापून आमच्या जोत्याला लावला, उरलेली लांबडी संडासाच्या पायऱ्यांवर टाकली. पायऱ्यांचा उतार झाला. स्टुलाचं काम मी केलं. खिळा तापवून बसायच्या जागी भोकं पाडत गेले, मग ती करवतीनं जोडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. संडासाच्या भांड्यावर स्टूल ठेवायचं, काम झालं की भिंतीवरच्या खुंटीला टांगायचं. इतरांना अडचण नको. चाळीतल्या पोरांनी त्याला सिंहासन नाव दिलं. सासूबाईंना ते आवडलं.

इथं जरा थांबून एक राग काढून घेते. आज त्याच जागेवर सात मजल्यांची इमारत उभी आहे. खाली संगमरवर, वर लिफ्ट, आणि लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या! कठडा नाही. माझेही गुडघे आता कुरकुरायला लागलेत. सोसायटीच्या सभेत मी उठून विचारलं, लिफ्ट कुणासाठी आहे, पायऱ्या चढू शकणाऱ्यांसाठी? सेक्रेटरी म्हणाले, "काकू, कठड्यानं एंट्रन्सचा लुक जातो." मी म्हटलं, "माझा खुबा गेला तर लुक फार छान दिसेल." कठडा अजून झालेला नाही. पण माझं तोंडही अजून बंद झालेलं नाही.

तर, उंबरा गेला, उतार झाला, सिंहासन झालं. राहिलं अंगण. मधल्या मोकळ्या जागेत धरायला काहीच नव्हतं, आणि चिखलाची धास्ती सासूबाईंच्या पायात बसली होती. काठी घेतली की काठीच आधी घसरायची. एका दुपारी उत्तनच्या मावशीनं ओट्यावरून हे सगळं पाहिलं आणि पानाची पिंक टाकून म्हणाली, "एवढंच ना? माझ्या भावाला धाडते. वलांडी मारून देईल."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचा मांडव. किनाऱ्यावर बांबू रोवतात, बांबूंना दोऱ्या ताणतात, आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. वाऱ्यावर हजारो बोंबील तोरणासारखे हलतात. मावशीच्या भावानं जन्मभर तेच बांधलं होतं. तो आला, बांबू रोवले, दोऱ्या खेचल्या, हात झटकले आणि म्हणाला, "घ्या. वादळात पन हलनार न्हाय."

खरंच हलणार नव्हती. फक्त सगळ्यात खालची दोरी सासूबाईंच्या कपाळाच्या वर होती.

सासूबाई तिच्याखाली उभ्या राहिल्या आणि हात वर करून दोरी धरली. बसमध्ये दांडी धरून उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. मावशी भावाच्या अंगावर ओरडली, "अरे, म्हातारीला सुकवायची हाय काय?"

"मग आधी सांगायचं ना! मला वाटलं वलांडी म्हंजे वलांडी."

हसून हसून सासूबाईंना खाली बसवावं लागलं. मग दोऱ्या कमरेपर्यंत खाली आणल्या, दोन्ही बाजूंना एकेक, आमच्या जोत्यापासून संडासाच्या दारापर्यंत. संडासात भिंतीलगत एक उभा बांबू, उठताना धरायला. काम फक्कड झालं. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ सराव करायच्या आणि मी मागून चालायचे. दोरी हातातून सरकवत, आखूड पाय आधी, मग दुसरा. थोड्याच दिवसांत मी हात लावायचं सोडलं. पण दाराबाहेर उभी राहायचे, आणि आतली कडी लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. त्यांचीच काय, माझीही नाही.

दरम्यान अंगणातली ताणलेली दोरी बघून चाळीच्या हाताला खाज सुटली. सकाळी एक परकर, दुपारी गोधडी, संध्याकाळी लंगोट. सासूबाई ओट्यावर काठी घेऊन बसायच्या आणि कपडे चिखलात पाडायच्या. "ही दोरी न्हाय, माझा पाय आहे! माझ्या पायावर परकर वाळत घालता?" शेवटच्या खोलीतल्या काकूंची गोधडी पडली, आणि काकू तडक घरमालकाकडे गेल्या.

घरमालक गुजराती शेठ. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, कांदालसूणही वर्ज्य. चाळीत मासे शिजतात हे त्यांना ठाऊक होतं, पण ते नाकानं. डोळ्यांना दिसता कामा नयेत, एवढी त्यांची अट होती आणि आम्ही ती पाळत होतो.

शिमगा तोंडावर आला. त्या दिवशी सकाळी थोरले दीर पिशवी घेऊन येणार हे माहीत होतं. मी आत चहा टाकला होता. उत्तनची मावशी नेहमीपेक्षा लवकर आली होती, टोपलीत या वेळी ओले बोंबील घेऊन, बाजारात जायच्या आधी मैत्रिणीला धीर द्यायला. ती वलांडीला टेकून गप्पा मारत उभी राहिली. आणि आता काय सांगू! ऊन स्वच्छ, वारा खाडीवरून सुटलेला, दोरी रिकामी, हाताशी ओले बोंबील. जन्माची सवय. तोंड बोलत होतं आणि हात चालत होते. जबड्यात जबडा, जोडी दोरीवर. जबड्यात जबडा, जोडी दोरीवर.

मी चहा घेऊन बाहेर आले तर आमच्या दारापासून संडासापर्यंत दोन्ही बाजूंना बोंबलांची तोरणं हलत होती, आणि त्या तोरणांच्या मधोमध, नवरदेवासारखे, थोरले दीर पिशवी घेऊन उभे होते. अंगणाच्या तोंडाशी शेठ, शेठच्या मागे मुनीम, मुनिमाच्या मागे काकू.

मावशीनं शेठकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "अगो बाय! माझा हात गेला!"

शेठनी उपरण्यानं नाक धरलं. "माजी! ए शुं छे? माझ्या जागेमधे मच्छी सुकवते? मला बोलले दोरी बांधली, इधर तो बाजार लगा दिया! मुनीमजी, तोडो. सब तोडो."

थोरले दीर म्हणाले, "बरं झालं. आई, आता तरी पटलं ना? बांधाबांध कर, दुपारची गाडी आहे."

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मुनिमाला बोटानं जवळ बोलावलं.

"मुनीम, तू अंगानं मजबूत आहेस काय?"

"जी?"

"न्हाय, दोरी तोडलीस की मला उचलून न्यायचं काम तुझ्याकडे. पहाटे यायचं. मग दुपारी. पावसाळ्यात जास्ती." त्यांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एकट्याच्यानं होणार न्हाय तुझ्या. शेठ, तुम्ही पण या. एकानं काख धरायची, दुसऱ्यानं लुगडं."

शेठ दोन पावलं मागे सरले. मुनीम शेठच्याही मागे गेला.

"मासळी आत्ता काढते," सासूबाई म्हणाल्या. "मासळीबद्दल तुमचं बरोबर, आमचं चुकलं. पण दोरी माझी. ती तोडायची तर आधी ह्या आखूड पायावर घाव घाला."

शेठ चाचरले. "पण माजी, ए दोरी पकडून तुमी चालते? सच्ची?"

"चालते कसली!" थोरले दीर म्हणाले. "मी पाहिलंय. उचलून नेतात तिला. आई, उगाच हट्ट. दाखव बरं एकटी जाऊन. एकटी गेलीस आणि एकटी आलीस तर मी आल्या पावली परत जातो, पुन्हा विषय काढणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

मावशीनं आणि मी धावत बोंबील काढले. दोरी माशाच्या पाण्यानं भिजून बुळबुळीत झाली होती. मी पदरानं पुसायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. घसरली तर जास्ती घट्ट धरीन." आणि मला हातानं मागे सारलं. "तू नको येऊ."

फळीवरून उतरल्या. आखूड पाय, मग दुसरा. अंगणाच्या मध्यावर, जिथं त्या पडल्या होत्या तिथं, दोरीवरून एक हात सरकला. त्या एका बाजूला कलल्या. मी ओठ चावला. ह्यांनी माझा दंड धरला होता, तो अजून दुखतो असं मी सांगेन. पण दुसरा हात सुटला नाही. त्या सरळ झाल्या आणि कुणाकडेही न बघता पुढे गेल्या. उताराच्या पट्ट्यांवर पाय रोवत चढल्या. आत गेल्या. खुंटीवरून स्टूल काढल्याचा आवाज आला. दार बंद झालं.

आणि मग कडी लागली. आतून. खट्ट.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटचं वाक्य मला ज्याचं त्याला देता येईल. त्या एकट्या गेल्या तशा एकट्या परत आल्या. शेठ "मच्छी नाय, बस, मच्छी नाय" असं पुटपुटत गेले आणि वलांडी राहिली. थोरले दीर आल्या पावली परत गेले नाहीत. काढून ठेवलेल्या बोंबलांचं कालवण दोनदा मागून घेतलं, दुपारी मेंढीकोटात आईकडून सपाटून मार खाल्ला आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटे गेले. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं भाईंदरात, दुपारी चहा मागून घेत, लबाडी करत जगल्या.

पण त्या क्षणी हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळी चाळ अंगणात गोळा झालेली आणि नजर एका बंद दारावर. आतून चाहूल नाही. वेळ जाऊ लागला. काकूंनी छातीवर हात ठेवला. मुनीम खाकरला.

थोरले दीर पुढे झाले. "आई? झालं का?"

"बाय, हाईस ना गो?" मावशी.

"माजी! सब ठीक?" शेठ, उपरणं नाकावर तसंच.

"आई, कडी काढ! मी येऊ का?" आमचे हे. मग मी, मग काकू, मग सगळेच एका सुरात.

आणि दारामागून सासूबाईंचा तो जुना, अख्खी चाळ धाकात ठेवणारा आवाज आला:

"मेल्यांनो, इतक्या दिवसांनी कडी लावून एकटी बसलेय, जरा सुखानं बसू द्याल की न्हाय!"